मांस सोडलं, भात वाढला, आता प्रोटीनचं काय?

पत्र थोडक्यात असं आहे. लिहिणारी मैत्रीण ३८ वर्षांची, वजन ६० किलोच्या आसपास. आठ महिन्यांपूर्वी तिने मांस, मासे, अंडी सगळं स्वतःहून बंद केलं, प्राण्यांचे हाल बघवत नाहीत म्हणून, आणि थोडा पर्यावरणाचाही विचार होता. भात लहानपणापासून आवडीचा, त्यामुळे आता दोन्ही जेवणांत भातच मुख्य, सोबत भाजी आणि कधीतरी पातळ डाळ. जिमला जाणारा धाकटा भाऊ म्हणतो भातात प्रोटीन नसतंच, तुझे मसल्स गळून जातील, चिकन परत सुरू कर नाहीतर पावडर तरी घे. उलट एका व्हिडिओत तिने ऐकलं की तांदळात सगळीच्या सगळी अमिनो अ‍ॅसिड असतात आणि १०० ग्रॅमला ७ ग्रॅम प्रोटीन मिळतं, म्हणजे मांसाची गरजच नाही. हल्ली तिला दुपारी फार थकवा येतो. घरात ७३ वर्षांचे वडील आहेत, त्यांनीही मांस सोडलंय पण दातांमुळे, आणि तेही मऊ भातावरच आहेत. तिला विचारायचंय की भाऊ बरोबर की व्हिडिओ, आणि भाताने मांसाची भरपाई होते का?

आधी सरळ उत्तर देते, मग सविस्तर बोलू. भातात प्रोटीन नसतं हे भावाचं म्हणणं चुकीचं आहे, आणि भाताने मांसाची भरपाई होते हे व्हिडिओचं म्हणणंही चुकीचं आहे. पण मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. तुम्ही भात आणि मांस समोरासमोर उभे करून कोण जिंकतं ते विचारताय, आणि ही तुलनाच तुम्हाला अडकवतेय असं मला वाटतं. मांस ताटातून गेलं तेव्हा त्याच्या जागी काय आलं, हे विचारायला हवं. तुमच्या पत्रावरून दिसतं की त्या जागी थोडा जास्त भात आला, बाकी काहीच आलं नाही. सगळी गडबड तिथे आहे, भात वाईट आहे म्हणून नाही.

आता आकड्यांकडे येऊ, कारण व्हिडिओतला ७ ग्रॅमचा आकडा खोटा नाहीये. कोरड्या, न शिजवलेल्या पांढऱ्या तांदळात १०० ग्रॅमला साधारण ७ ग्रॅम प्रोटीन असतंच. पण कोरडे तांदूळ कोण खातं? तेच १०० ग्रॅम तांदूळ शिजवले की पाणी पिऊन जवळजवळ तिप्पट वजनाचे होतात, म्हणजे ताटातल्या १०० ग्रॅम भातात प्रोटीन उरतं २.७ ग्रॅमच्या आसपास. मांसाचं बरोबर उलटं होतं, शिजवताना त्यातलं पाणी निघून जातं आणि ते आकसतं, त्यामुळे कच्च्या चिकन ब्रेस्टमध्ये १०० ग्रॅमला २२-२३ ग्रॅम असलेलं प्रोटीन शिजल्यावर ३१ ग्रॅमपर्यंत जातं. म्हणून कुठलाही प्रोटीनचा आकडा ऐकला की पहिला प्रश्न हाच विचारायचा, कच्चं वजन की शिजवलेलं? ही एक सवय लागली तरी अर्धे वाद मिटतील. शिजलेलं शिजलेल्याशी ताडून बघितलं तर वजनामागे चिकनमध्ये भाताच्या दहापटीहून जास्त प्रोटीन आहे. कॅलरीच्या हिशेबाने बघा हवं तर, भाताच्या १०० कॅलरीतल्या जेमतेम ८ प्रोटीनमधून येतात, चिकन ब्रेस्टमध्ये ७५ च्या आसपास, आणि मसूरसारख्या डाळीत ३० च्या आसपास. हा डाळीचा आकडा लक्षात ठेवा, तो पुढे लागणार आहे.

व्हिडिओतला दुसरा दावा, सगळी अमिनो अ‍ॅसिड असण्याचा. हाही अर्धवट खरा आहे आणि म्हणूनच जास्त फसवा आहे. आपल्या शरीरातली प्रोटीन २० अमिनो अ‍ॅसिडपासून बनतात, त्यातली ९ शरीराला स्वतः करता येत नाहीत, ती खाण्यातूनच यावी लागतात. (या ९ पैकी शेवटचं सापडलं थ्रिओनिन, १९३५ मध्ये, अमेरिकेतल्या विल्यम रोझ यांच्या प्रयोगशाळेत, म्हणजे हे ज्ञान तसं फार जुनं नाहीये.) तांदळात ही ९ च्या ९ असतात, खरंच असतात. पण असणं वेगळं आणि पुरेशी असणं वेगळं. तांदळात लायसिन नावाचं एक अमिनो अ‍ॅसिड कमी पडतं. जागतिक आरोग्य संघटना आणि तिच्या सोबतच्या संस्थांच्या २००७ च्या अहवालाप्रमाणे मोठ्या माणसाच्या आहारातल्या प्रोटीनमध्ये दर ग्रॅममागे ४५ मिलिग्रॅम लायसिन असायला हवं. तांदळात ते ३६ च्या आसपास भरतं, मांसात ८० च्या वर, मसूरमध्ये ७० च्या आसपास. समजा शर्ट शिवायला कापड ढीगभर आहे पण बटणंच कमी आहेत, तर बटणं संपतील तिथे शर्ट शिवून व्हायचे थांबणार, उरलेलं कापड कितीही असो. लायसिन संपलं की शरीराचंही तसंच होतं, उरलेल्या अमिनो अ‍ॅसिडपासून नवीन प्रोटीन बनत नाही, ती जाळून ऊर्जा म्हणून वापरली जातात.

तांदळाची बाजू पण मांडायला हवी. धान्यांमध्ये तांदळाचं प्रोटीन बऱ्यापैकी चांगलं मानतात, गव्हापेक्षा आणि मक्यापेक्षा त्यात लायसिन जास्त असतं, कारण तांदळातलं मुख्य प्रोटीन ग्लुटेलिन प्रकारचं आहे आणि त्या प्रकारात लायसिन तुलनेने बरं असतं. प्रमाण कमी, दर्जा धान्यांत बरा, असं हे गणित आहे. आणि जगातल्या लोकांना मिळणाऱ्या एकूण कॅलरींपैकी साधारण पाचवा हिस्सा तांदळातून येतो, दिवसातून दोन-तीनदा भात खाणाऱ्यांचं बरंच प्रोटीन नकळत भातातूनच येत असतं. तेव्हा भातात प्रोटीन नसतंच हे वाक्य भावाला परत म्हणू देऊ नका.

बरं, मग भाताने एकट्याने भागवायचं ठरवलं तर? चला करूनच बघू हिशेब. मोठ्या निरोगी माणसाला दिवसाला दर किलो वजनामागे ०.८३ ग्रॅम चांगल्या दर्जाचं प्रोटीन सुरक्षित मानलं जातं, म्हणजे ६० किलोला ५० ग्रॅम. चिकनमधून एवढं मिळवायला १६० ग्रॅम शिजवलेलं चिकन पुरतं, कॅलरी २६५ च्या आसपास. भातातून मिळवायचं तर नुसत्या आकड्याने पावणेदोन-दोन किलो भात लागेल, पण लायसिनची कमतरता आणि पचनात होणारी थोडी गळती धरली तर शिजवलेला भात अडीच किलोच्या आसपास खावा लागेल, रोज, आणि कॅलरी होतील सव्वातीन हजारांच्या पुढे. दिवसभर शेतात राबणाऱ्या माणसाला एवढ्या कॅलरी लागतीलही, पण तुमच्या-माझ्यासारख्या बसून काम करणाऱ्या बाईला त्या झेपणार नाहीत. वजन वाढेल, पोट जड होईल, आणि इतर कशाला पोटात जागाच उरणार नाही.

इतिहासातलं एक उदाहरण मला इथे फार बोलकं वाटतं. १९३९ च्या सुमारास अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात वॉल्टर केम्पनर नावाच्या डॉक्टरांनी मूत्रपिंडाचे आणि अतिशय वाढलेल्या ब्लडप्रेशरचे पेशंट भाताच्या डाएटवर ठेवायला सुरुवात केली. भात, फळं, फळांचे रस, साखर, बस. त्यात दिवसाला जेमतेम २० ग्रॅम प्रोटीन जायचं आणि मीठ जवळजवळ नाहीच. आता गंमत बघा, त्यांनी भात निवडला तो प्रोटीन कमी असतं म्हणूनच, आजारी मूत्रपिंडांवरचा भार हलका व्हावा म्हणून, आणि हे सगळं डॉक्टरांच्या कडक देखरेखीखाली. ज्या पदार्थाचा उपयोग प्रोटीन कमी करायला केला गेला, त्याच पदार्थावर निरोगी माणसाने प्रोटीनसाठी विसंबून राहणं कसं चालेल?

तर मग चिकन परत सुरू करायचं का? अजिबात गरज नाही, निदान प्रोटीनसाठी तरी नाही. तुम्ही मनापासून घेतलेला निर्णय आहे, तो भातामुळे मोडायची वेळ आलेली नाही. मघाशी म्हटलं ना डाळीचा आकडा लक्षात ठेवा म्हणून. डाळी आणि कडधान्यांमध्ये, म्हणजे मसूर, चणे, राजमा, वाटाणे, चवळी, सोयाबीन यांत लायसिन भरपूर असतं, आणि त्यांच्यात गंधक असलेली जी अमिनो अ‍ॅसिड थोडी कमी असतात, मेथिओनिन वगैरे, ती तांदळात भरपूर असतात. एकाचं उणं दुसऱ्याने भरून निघतं. ३०० ग्रॅम भात आणि २०० ग्रॅम घट्ट शिजवलेली मसूर एकत्र धरली तर ८ अधिक १८ असं २६ ग्रॅम प्रोटीन होतं, आणि त्या मिश्रणात दर ग्रॅममागे लायसिन ६० मिलिग्रॅमच्या जवळ जातं, ४५ च्या बरंच वर. कॅलरी ६२० च्या आसपास. हे झालं एक जेवण, तुमच्या दिवसाच्या गरजेच्या निम्म्याहून जास्त काम एका ताटात झालं.

आणि हो, दोन्ही एकाच घासात किंवा एकाच जेवणात खायलाच पाहिजे असं काही नाही. १९७० च्या दशकात तसा समज खूप पसरला होता, लोक प्रत्येक जेवणाला जोड्या जुळवत बसायचे. पुढे आहारतज्ज्ञांनी तो सोडून दिला, दिवसभरात वेगवेगळे स्रोत पोटात गेले की निरोगी मोठ्या माणसाला पुरतं. सकाळी कडधान्य आणि रात्री भात असं झालं तरी चालतं.

पण, आणि हा पण मोठा आहे, डाळ घट्ट हवी. तुम्ही स्वतःच लिहिलंय पातळ डाळ, आणि तीही कधीतरी. मी थोडा अंदाजाचा हिशेब केला तुमच्या दिवसाचा, तुम्ही प्रमाणं लिहिली नाहीत त्यामुळे इकडेतिकडे होईल. दोन्ही वेळचा मिळून ६०० ग्रॅम भात म्हणजे १६ ग्रॅम प्रोटीन. पातळ डाळीच्या वाटीत कोरडी डाळ बहुतेक १५ ग्रॅमच असते, म्हणजे साडेतीन ग्रॅम प्रोटीन, बाकी पाणी. भाज्यांतून ३-४ ग्रॅम, चहाकॉफीतल्या दुधातून ३, नाश्त्यातून ५-६. बेरीज कशीबशी ३०-३३ ग्रॅम, आणि डाळ नसेल त्या दिवशी त्याहून खाली. हवंय ५० आणि तेही चांगल्या दर्जाचं. वनस्पतींमधलं प्रोटीन थोडं कमी पचतं, म्हणून मी तर तुम्हाला ५५-६० चं लक्ष्य ठेवायला सांगेन.

म्हणजे रोज २०-२५ ग्रॅमची भर घालायची आहे, आणि हे अवघड नाही. डाळ मोजताना शिजवलेली वाटी मोजू नका, कोरडी मोजा, कारण पाण्याने वाटी भरते आणि आपली फसगत होते. एका माणसाला एका जेवणाला ५० ग्रॅम कोरडी डाळ किंवा कडधान्य धरा, त्यात साधारण १२ ग्रॅम प्रोटीन मिळतं, दोन्ही वेळेला घेतलं की २४. घरात किचनचा छोटा काटा असेल तर आठवडाभरच वजन करा, मग मुठीचा अंदाज बसतो आणि काटा लागत नाही. भात दर वेळी ३०० चा २०० करा, ताटातली रिकामी झालेली जागा कडधान्याला द्या. दूध-दही चालत असेल तर २०० ग्रॅम दह्यातून अजून ७ ग्रॅम येतं, आणि दुधातल्या प्रोटीनला लायसिनची चणचण नसते. दूधही नको असेल तर टोफू, सोयाबीन, सोया चंक्स आहेत, सोयाचं प्रोटीन दर्जाने मांसाच्या खूप जवळ जातं. फक्त एक गोष्ट सांगून ठेवते कारण बरेच जण इथे चुकतात, शेंगदाण्यांत प्रोटीन भरपूर आहे, १०० ग्रॅमला २५ ग्रॅम, पण लायसिन तांदळासारखंच कमी आहे, म्हणून भाताला जोड म्हणून शेंगदाणे डाळीची जागा घेऊ शकत नाहीत. खा जरूर, पण डाळीऐवजी नको.

कडधान्यं एकदम वाढवली की गॅसेस होतात, पोट फुगतं, आणि मग माणूस आठ दिवसांत सोडून देतो. म्हणून हळूहळू वाढवा, रात्रभर भिजवून ते पाणी टाकून द्या, मऊ होईपर्यंत शिजवा, आणि सुरुवात मसूरसारख्या हलक्या डाळीने करा, राजमा-चणे नंतर.

ब्राऊन राईसने फरक पडेल का, असं पुष्कळ जण विचारतात म्हणून थोडक्यात. प्रोटीनच्या बाबतीत नगण्य, शिजवल्यावर जवळपास तेवढंच. त्यात फायबर, मॅग्नेशियम आणि काही बी व्हिटॅमिन जास्त असतात, त्यासाठी आवडत असेल तर खा. पण भात पाण्यात उभ्या असलेल्या शेतात वाढतो आणि मातीतलं आर्सेनिक ओढून घेतो, ते कोंड्यात जास्त साठतं, त्यामुळे रोज फक्त ब्राऊन राईस आणि तोही भरपूर, असं मी सुचवणार नाही. धान्यं आलटून पालटून खा आणि भात भरपूर पाण्यात शिजवून वरचं पाणी काढून टाका, त्याने आर्सेनिक थोडं कमी होतं.

आता तुमचा थकवा. इथे मी तुम्हाला थोडं थांबवते. थकवा आला, मांस सोडलं होतं, म्हणजे प्रोटीन कमी पडलं, अशी साखळी तुम्ही मनात जोडलीये, भावानेही जोडलीये, पण ती तशीच असेल असं नाही. मांसातून प्रोटीनशिवाय अजून काय काय मिळत होतं ते बघा. मांसातलं लोह शरीर सहज शोषून घेतं, धान्य-कडधान्यांतलं तेवढं सहज शोषलं जात नाही, आणि पाळी चालू असलेल्या बाईला लोहाची गरज पुरुषापेक्षा जास्त असते. व्हिटॅमिन बी १२ वनस्पतींमध्ये भरवशाचं असं नसतंच, तांदळात नाही, डाळीतही नाही. त्याचा साठा यकृतात बऱ्याच वर्षांचा असतो, त्यामुळे आठ महिन्यांत तो एकदम संपला असं सहसा होत नाही, पण आधीच कमी असेल तर गोष्ट वेगळी. थायरॉइड असू शकतं, झोप असू शकते, आणि दुपारी नुसता भात भरपूर खाल्ल्यावर येणारी सुस्तीही असू शकते. म्हणून अंदाज बांधत बसण्यापेक्षा डॉक्टरांना भेटून हिमोग्लोबिन, फेरिटिन (म्हणजे शरीरातला लोहाचा साठा), बी १२ आणि थायरॉइड एवढं तपासून घ्या. रिपोर्ट येईपर्यंत लोहाच्या गोळ्या स्वतःच्या मनाने सुरू करू नका. जेवणासोबत लिंबू, टोमॅटो किंवा संत्र्यासारखं काही आंबट घेतलं की त्यातल्या सी व्हिटॅमिनमुळे डाळीतलं लोह जास्त शोषलं जातं, आणि चहाकॉफी जेवणाला लागून न घेता तासभर लांब ठेवा. बी १२ चं मात्र नीट ठरवून टाका, मांस-अंडी कायमची बंद असतील आणि दूधही फारसं नसेल तर सप्लिमेंट किंवा बी १२ घातलेले पदार्थ हाच मार्ग आहे, इथे तडजोड करू नका.

पर्यावरणाचा उल्लेख केलात म्हणून तेही सांगते. २०१८ मध्ये एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला, ११९ देशांतल्या ३८ हजारांहून जास्त शेतांची आकडेवारी गोळा केलेला. त्यात १०० ग्रॅम प्रोटीनमागे किती हरितगृह वायू बाहेर पडतात ते मांडलं होतं. गोमांसाला सरासरी ५० किलोच्या आसपास, चिकनला ६ च्या आसपास, आणि भातालाही ६ च्याच आसपास! कारण पाणी भरलेल्या शेतातून मिथेन निघतो आणि भातात मुळात प्रोटीन कमी, त्यामुळे प्रोटीनच्या हिशेबाने भात महाग पडतो. वाटाण्यांचा आकडा अर्ध्या किलोच्याही खाली. म्हणजे पर्यावरणासाठी मांस सोडलं आणि त्या जागी भातच वाढवला तर जेवढं वाटतं तेवढं साधत नाही, कडधान्यं वाढवली तर खूप साधतं. तुमच्या शरीराला जे हवंय तेच इथेही लागू पडतंय, याचा मला खरंच आनंद होतो.

प्राण्यांच्या हालांबद्दल मी काही शिकवायला जाणार नाही, तो तुमच्या आणि तुमच्या मनाचा विषय आहे, आणि मला तो आदराचा वाटतो. ज्यांना मांस सोडायचंच नाहीये पण कमी करायचंय अशा वाचकांसाठी एवढंच, की भातासोबत थोडंसं मांस, मासा किंवा एखादं अंडंही लायसिनची उणीव भरून काढतं, त्यासाठी ताटभर लागत नाही. आणि सॉसेज, बेकनसारखं प्रक्रिया केलेलं मांस आधी कमी करा, २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सरवर काम करणाऱ्या संस्थेने ते कॅन्सरला कारणीभूत ठरणाऱ्या गटात टाकलंय.

भावाकडे वळू. तो काळजीने बोलतोय हे दिसतंय, फक्त त्याची गरज आणि तुमची गरज एक नाही. वजन उचलून मसल्स वाढवणाऱ्यांना दर किलोमागे १.६ ग्रॅमच्या आसपास प्रोटीन उपयोगी पडतं, म्हणजे तुमच्या दुप्पट, आणि तो बहुतेक सगळ्यांना त्याच मापाने मोजतोय. त्याला एक माहिती द्या, त्याला आवडेल. तांदळातून प्रोटीन वेगळं काढून केलेली पावडर मिळते, आणि २०१३ मधल्या एका छोट्या अभ्यासात व्यायामाची सवय असलेल्या २४ तरुणांना आठ आठवडे व्यायामानंतर ४८ ग्रॅम राईस प्रोटीन किंवा तेवढंच व्हे, म्हणजे दुधापासून काढलेलं, प्रोटीन दिलं, तेव्हा ताकद आणि मसल्स दोन्हीकडे सारखेच वाढले. डोस मोठा असल्यामुळे कमी असलेल्या लायसिनची आणि ल्युसिन नावाच्या अजून एका अमिनो अ‍ॅसिडची भरपाई प्रमाणानेच झाली. पण हे पावडरचं झालं, ज्यात स्टार्च जवळजवळ काढून टाकलेला असतो. त्यावरून भाताबद्दल काही सिद्ध होत नाही, आणि मला शंका आहे की तुम्ही बघितलेल्या व्हिडिओत हीच सरमिसळ झाली असावी. तुम्हाला पावडर लागेल का? डाळ-कडधान्य नीट वाढवलीत तर नाही लागणार. अगदीच खाणं होत नसेल तर वाटाणा आणि तांदूळ मिसळून केलेली घ्या, दोघांची जोडी तीच, डाळ-भाताची. मसल्स टिकवायचे असतील तर भावाबरोबर आठवड्यातून दोन दिवस वजन उचलायला जा, नुसत्या प्रोटीनने मसल्स टिकत नाहीत.

वडिलांबद्दल मात्र मला तुमच्याहून जास्त काळजी वाटते, आणि पत्रात ते शेवटच्या ओळीत आलेत. वय वाढतं तसं मसल्स आपोआप कमी होत जातात आणि खाल्लेल्या प्रोटीनला शरीर पूर्वीसारखा प्रतिसाद देत नाही, म्हणून ६५ च्या पुढे दर किलोमागे १ ते १.२ ग्रॅम प्रोटीन सुचवतात, तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त. शक्यतो ते एका वेळी २५-३० ग्रॅम असं विभागून. मऊ भाताच्या वाटीतून ५ ग्रॅमही होत नाही, पोट मात्र भरतं आणि भूक मरते.

तुम्ही दोघांचं खाणं एकाच चुलीवर एकसारखं करताय असं दिसतं, आणि कारण समजतं मला, सोपं पडतं. पण त्यांनी मांस तत्त्वासाठी सोडलेलं नाही, चावता येत नाही म्हणून सोडलंय. त्यांना विचारा तरी, अंडं चालेल का, मऊ शिजवलेला मासा, खिमा चालेल का. तुम्हाला स्वतःच्या हाताने करायला जड जात असेल तर भाऊ करू शकतो, त्याला एवीतेवी चिकन शिजवता येतंच. त्यांनाही नको असेल तर घोटलेली घट्ट डाळ, दही, चीज, कुस्करलेला टोफू, आणि मऊ भात शिजवतानाच पाण्याऐवजी दूध किंवा निम्म्याला निम्मी डाळ घाला. जेवताना आधी डाळ-दही, मग भात, म्हणजे भूक असताना कामाचं पोटात जातं. आणि दाताच्या डॉक्टरकडे न्या, कवळी सैल असेल किंवा दात हलत असतील तर त्यावर उपाय आहे, त्यासाठी माणसाने जेवण बदलून टाकायला नको. गेल्या सहा महिन्यांत त्यांचं वजन किती उतरलं, खुर्चीतून उठताना हाताचा आधार लागायला लागलाय का, हे बघा आणि डॉक्टरांना सांगा. प्रोटीन वाढवण्याआधी क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाचं काम कसं चाललंय ते सांगणारी रक्ताची तपासणी, एकदा करून घ्या, मूत्रपिंडाचा त्रास असेल तर प्रोटीन किती द्यायचं ते डॉक्टरच ठरवतील, माझ्या वरच्या आकड्यांवर जाऊ नका. तुमच्या रक्ताच्या तपासण्या करायला जाल तेव्हा त्यांनाही सोबत घेऊन जा, एका फेरीत दोघांचं होईल.